दशांभोवतीची राखाडी रेघ: टॉवेलच्या कॅटलॉगमधलं पारदर्शकतेचं एक प्रकरण

पांढऱ्या पार्श्वभूमीवर टॉवेलच्या कडेने राखाडी रेघ. मरून पार्श्वभूमीवर त्याच टॉवेलच्या दशा अर्ध्या गायब. आणि सावली कधी फिकी, कधी टॉवेलपासून सुटल्यासारखी. सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या एका कारखान्याच्या कॅटलॉगमध्ये ऐन लग्नसराईच्या तोंडावर हे दोष दिसायला लागले आणि चित्रं जोडणारा प्रोग्राम तपासायचं काम माझ्याकडे आलं.

आपल्याकडे लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर असतो. त्यामुळे या दिवसांत घाऊक व्यापाऱ्यांना आहेराच्या संचांचं वेगळं कॅटलॉग जातं आणि त्यात पार्श्वभूमी मरून, हळदी, मोरपंखी अशी गडद असते. बाकी वर्षभर साधी पांढरी. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, नाव देशभर आहे, पण व्यापारी माल घेतो तो हाताने बघून. लूप किती दाट आहेत ते अंगठ्याने चाचपतो, कड उलटून बघतो, चादरीच्या दशा ओढून बघतो. फोटोत अंगठा चालत नाही. तिथे मऊपणा कळतो तो कडेच्या दोन-चार पिक्सेलांत, जिथे धागा संपतो आणि पार्श्वभूमी सुरू होते. नेमके तेच पिक्सेल बिघडले होते. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "नवा माल आहे हो हा, आणि दिसतोय वापरून धुतल्यासारखा. व्यापारी दर पाडून मागणार." पिक्सेलच्या चुकीचे पैसे मालाच्या दरातून जातात हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

संशय सगळीकडे होता. फोटोग्राफरच्या मते टॉवेल पार्श्वभूमीतून कापणारं सॉफ्टवेअर खराब होतं. कॅटलॉग सांभाळणाऱ्या अण्णांच्या मुलीच्या मते जेपीईजी करताना दर्जा घसरत होता. डिझाइनरला वाटत होतं की सावलीचा आकडा कोणीतरी बदलतंय. गंमत नाही, यातल्या प्रत्येकाच्या म्हणण्याला आधार होता, कारण दोष एक नव्हता, तीन होते आणि ते एकमेकांवर चढले होते.

प्रोग्राम काय करत होता

पायथनमध्ये लिहिलेला, चित्रांसाठी पिलो आणि आकार बदलण्यासाठी ओपनसीव्ही ही तयार कोडची पॅकेजं वापरणारा साधा प्रोग्राम. टॉवेलचा कापलेला पीएनजी (पारदर्शकता साठवणारी चित्राची फाइल) घ्यायचा, लहान करायचा, त्याच्या अल्फावरून, म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक ते सांगणाऱ्या ० ते २५५ च्या आकड्यावरून, सावली बनवून ती धूसर करायची, सावली आणि टॉवेल एकावर एक ठेवायचे, हे सगळं पार्श्वभूमीवर बसवायचं आणि जेपीईजी काढायचा. पूर्वी सावली आणि टॉवेल थेट पार्श्वभूमीवर बसत. पुढे पार्श्वभूमींची संख्या वाढली, म्हणून कोणीतरी मधे एक टप्पा घातला: सावली आणि टॉवेल आधी एका पूर्ण पारदर्शक पाटीवर जोडायचे, ती पाटी जपून ठेवायची आणि हव्या त्या पार्श्वभूमीवर टाकायची. कल्पना चांगलीच आहे. बिघाड याच बदलापासून सुरू झाला, पण तेव्हा कॅटलॉग पांढरं होतं, टॉवेल फिकट होते, सावली हलकी होती, आणि डोळ्याला फार काही खटकलं नाही.

मी पहिल्यांदा कोड वाचला नाही. आधी एका टॉवेलच्या पाटीचे दोन वेगळे फोटो करून बघितले: एकात फक्त अल्फा, करड्या छटांत, दुसऱ्यात फक्त रंग, अल्फा सगळीकडे २५५ करून. पारदर्शकतेची कुठलीही तक्रार आली तर सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. जोडलेल्या चित्रात रंगाचा दोष आणि अल्फाचा दोष हुबेहूब सारखे दिसतात. वेगळे केले की लगेच कळतं कोण आजारी आहे. इथे दोघेही आजारी निघाले. मूळ पीएनजीत कडेचा अल्फा २५५ पासून ० पर्यंत हळूहळू उतरत होता. पाटीत तोच उतार खड्या कड्यासारखा पडला होता. आणि रंगाच्या चित्रात टॉवेलभोवती काळवंडलेली कड होती, जी मूळ फाइलमध्ये नव्हती.

वर्ग झालेला अल्फा

पिक्सेलचा अल्फा म्हणजे त्या चौकटीचा किती भाग वस्तूने झाकला आहे त्याचं माप. एक चित्र दुसऱ्यावर ठेवायचा नियम थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली नीट मांडला, आणि आजही सगळे तोच वापरतात. 'ओव्हर' नावाच्या या क्रियेत नवा अल्फा असा येतो (इथे अल्फा ० ते १ धरला आहे; फाइलमध्ये तोच ० ते २५५ असा लिहितात):

नवा अल्फा = वरचा अल्फा + खालचा अल्फा × (१ − वरचा अल्फा)

रंगाच्या बाबतीत एक गोष्ट आधी ठरवावी लागते. पीएनजीमध्ये रंग मूळ असतो आणि अल्फा वेगळा. याला स्ट्रेट अल्फा म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत रंग अल्फाने आधीच गुणून ठेवलेला असतो, तो प्रीमल्टिप्लाइड. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण फाइल उघडून कुठली कोणती ते सहसा कळत नाही. चार आकडे ते चारच आकडे.

आता कोड. मधल्या टप्प्यात टॉवेल पारदर्शक पाटीवर ठेवायला पिलोचं 'पेस्ट' वापरलं होतं आणि मास्क म्हणून, म्हणजे कुठे किती घालायचं ते सांगायला, टॉवेलच दिला होता. हजारो ठिकाणी असंच लिहिलेलं असतं आणि अपारदर्शक पार्श्वभूमीवर ते अगदी बरोबर चालतं. पण 'पेस्ट' म्हणजे 'वर ठेव' नव्हे. ते मास्कच्या प्रमाणात जुनं काढतं आणि नवं घालतं, आणि हा नियम लाल, हिरवा, निळा, अल्फा या चारही चॅनलना लावतं, म्हणजे अल्फालाही. म्हणजे अल्फाला स्वतःच्याच अल्फाने गुणलं जातं.

आकड्यांत बघू. कडेचा एक पिक्सेल: रंग २४० (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा), अल्फा १२८. खाली पूर्ण पारदर्शक पाटी, सगळे आकडे शून्य. 'पेस्ट'नंतर रंग होतो २४० × १२८ ÷ २५५, म्हणजे १२०. अल्फा होतो १२८ × १२८ ÷ २५५, म्हणजे ६४. रंग शून्याशी मिसळून अर्धा झाला, म्हणजे प्रीमल्टिप्लाइड झाल्यासारखाच. अल्फाचा वर्ग होऊन तो पाव झाला. पुढच्या टप्प्यात हीच पाटी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पुन्हा मास्कसह बसते, तेव्हा आधीच गुणलेल्या रंगाला अल्फाने परत गुणलं जातं. साखर घातलेल्या चहात दुसऱ्याने येऊन पुन्हा साखर घालावी, तसं. उत्तर येतं २२१. खरं उत्तर यायला हवं २४७. पांढऱ्यावर २४७ दिसतही नाही, २२१ मात्र मळक्या रेघेसारखा दिसतो. आणि गडद पार्श्वभूमीवर अर्ध्या झाकणाऐवजी पावच झाकण मिळाल्यामुळे बारीक दशा विरघळून जातात. पांढऱ्यावरची रेघ आणि मरूनवरच्या गायब दशा हे दोन वेगळे आजार वाटत होते; दोन्ही या एका ओळीतून येत होते.

सावली सुटल्यासारखी का दिसत होती, त्याचं उत्तर मला या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर वाटतं. समजा सावलीचा अल्फा १०० आहे आणि तिच्यावर टॉवेलच्या कडेचा ६४ अल्फाचा पिक्सेल आला. 'ओव्हर'ने एकूण झाकण १३९ व्हायला हवं. 'पेस्ट'ने झालं ९१. म्हणजे सावलीवर टॉवेल ठेवल्यावर झाकण वाढायच्या ऐवजी कमी झालं आणि टॉवेल व सावलीच्या मधे एक उजळ फट पडली. कशावर काहीही ठेवा, झाकण कमी होणं शक्यच नाही. हा नियम इतका साधा आणि पक्का आहे की कोड न वाचताही तो चुकलाय हे त्यावरून सिद्ध करता येतं.

दुरुस्ती एका शब्दाची: पाटीवर जोडताना 'पेस्ट'ऐवजी पिलोचंच 'अल्फा_कंपोझिट'. ते 'ओव्हर'चं पूर्ण गणित करतं, रंगाला नव्या अल्फाने भागून स्ट्रेट रूपात परत देतं. त्याला दोन्ही चित्रं आरजीबीए, म्हणजे तीन रंग आणि अल्फा असलेली, लागतात.

आणि दुरुस्ती केल्याबरोबर चित्र जास्त वाईट दिसायला लागलं. सावली एकदम काळीकुट्ट झाली. डिझाइनरचा फोन आला की आधीचंच परत करा. शोधलं तर सेटिंगमध्ये सावलीचा अल्फा १६० लिहिलेला होता, तर डिझाइनरच्या मूळ फाइलमध्ये तो १०० होता. १६० चा वर्ग करून २५५ ने भागलं की बरोबर १०० येतात. कोणीतरी, कधीतरी, डोळ्यांनी जुळवत जुळवत चुकीला पुरून उरणारा आकडा शोधून ठेवला होता. त्याने काम नीटच केलं होतं, मापच वाकडं होतं. असे भरपाईचे आकडे पारदर्शकतेच्या प्रत्येक जुन्या प्रोग्राममध्ये सापडतात, आणि खरी चूक सुधारणाऱ्यावरच बिघाडाचा आळ येतो. म्हणून मी आता मूळ दोष काढण्याआधी सगळी सेटिंगं डिझाइनच्या मूळ आकड्यांशी ताडून घेतो. १६० चे १०० केले आणि सावली जागेवर बसली.

लहान करताना मिसळणारा अदृश्य रंग

राखाडी रेघ बरीच गेली, पण पूर्ण नाही. काही टॉवेलांना अजून बारीक काळी कड होती आणि काहींना बारीक पांढरी. हा घोळ रंगाच्या चित्राने सोडवला. अल्फा शून्य असलेल्या पिक्सेललाही रंगाचे तीन आकडे असतातच, फक्त ते दिसत नाहीत. कारखान्याकडे दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी कापलेले फोटो होते. एकाने पारदर्शक भागात काळा रंग भरून ठेवला होता, दुसऱ्याने मूळ पांढरं कापड तसंच ठेवून फक्त अल्फा शून्य केला होता.

चित्र लहान करताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी निघते. ओपनसीव्हीला चार चॅनल दिले तर ते चौघांची वेगवेगळी सरासरी काढतं. चौथा अल्फा आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, आणि ते तसं कुठे म्हणतही नाही. टॉवेलचा २४० रंगाचा भरीव पिक्सेल आणि शेजारचा काळा, पूर्ण पारदर्शक पिक्सेल यांची सरासरी येते रंग १२०, अल्फा १२८. खरं तर जो पिक्सेल दिसतच नाही त्याच्या रंगाला मत असता कामा नये. रंग २४० च राहायला हवा. उपाय ठरलेला आहे: आधी रंगाला अल्फाने गुणा, मग लहान करा, मग परत भागा. पिलोचं 'रिसाइझ' आरजीबीए चित्रासाठी हे आतल्या आत स्वतः करतं, म्हणून तो टप्पा पिलोकडे दिला. धूसर करणाऱ्या फिल्टरच्या बाबतीत मात्र पिलोही अशी काळजी घेत नाही. इथे फक्त सावलीचा अल्फा धूसर होत होता, रंग एकच काळा, त्यामुळे वाचलो. पण रंगीत थर धूसर करायचा असेल तर गुणणं-भागणं स्वतः करावं लागतं.

गुणून भागताना एक पथ्य: मधले आकडे आठ बिटांत, म्हणजे ० ते २५५ च्या पूर्णांकांत, ठेवू नका. अल्फा २ आणि रंग १०० असला तर गुणाकार ०.७८ येतो, तो पूर्णांकात १ होतो, आणि परत भागला की रंग १२७ किंवा १२८. कडेच्या पुसट पिक्सेलांचा रंग असा उडत राहतो. सगळं दशांशात करून शेवटी एकदाच पूर्णांक करावा.

फोटोतच शिरलेलं पांढरं

आता उरली ती मरून पार्श्वभूमीवरची पांढुरकी कड, आणि ती प्रोग्रामची नव्हतीच. टॉवेल पांढऱ्या कापडावर ठेवून फोटो काढला होता. कडेच्या पिक्सेलमध्ये अर्धा धागा, अर्धं कापड. कॅमेऱ्याने दोघांचं मिश्रण टिपलं. कापणारं सॉफ्टवेअर अल्फा १२८ बरोबर देतं, पण रंग मिश्रणाचाच ठेवतं. तो मरूनवर टाकला की कापडाचं पांढरं सोबत येतं. म्हणजे फोटोग्राफरचा संशय अगदीच वाया गेला नाही.

हे उलट्या गणिताने काढता येतं: दिसणाऱ्या रंगातून कापडाचा वाटा वजा करायचा आणि अल्फाने भागायचं. दिसणारा आकडा २००, अल्फा १२८, कापड २५५ असेल तर धाग्याचा खरा आकडा १४५ निघतो. मात्र कापड कधीच सगळीकडे २५५ नसतं. एका बाजूने उजेड कमी असतो, त्यामुळे प्रत्येक फोटोत कापडाचा आकडा आसपासच्या भागातून मोजून घेतला. शिवाय अल्फा अगदी कमी असेल तिथे हे भागणं धोक्याचं: अल्फा १० असताना मूळ आकड्यातली २ ची गडबड भागल्यावर ५१ ची होते आणि कडेला रंगीत ठिपके उठतात. तिथे गणित सोडून जवळच्या भरीव धाग्याचा रंग तसाच पसरवला. टॉवेल एकाच रंगाचा असतो म्हणून हे चाललं. जॅकार्डच्या बहुरंगी चादरीत कडेला कुठला धागा येतो ते बघून घ्यावं लागलं.

पांढऱ्या टॉवेलांना मात्र काही इलाज नव्हता. पांढऱ्यावर पांढरं, तिथे अल्फाच धड निघत नाही, आणि नसलेली माहिती कुठलंही सूत्र आणून देत नाही. ते फोटो मध्यम करड्या कापडावर पुन्हा काढायला सांगितले. फोटोग्राफरने कुरकुर न करता काढले, आणि लूप इतके स्वच्छ उठून आले की आता सगळाच माल ते करड्यावर काढतात.

डिझाइनरने विचारलं होतं की रंग रेषीय प्रमाणात, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात, मिसळायला नकोत का. प्रश्न योग्य आहे. चित्रातले नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीचे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. काळा आणि पांढरा प्रकाश अर्धा-अर्धा मिसळला तर उत्तर १२८ नाही, १८८ येतं. प्रकाशाच्या दृष्टीने तेच खरं. तरीही मी तो बदल केला नाही. डिझाइनर जे सॉफ्टवेअर वापरतो ते आठ बिटांत तसंच थेट आकड्यांवर मिसळतं, ब्राउझरही तेच करतो, आणि सावलीचा १०० हा आकडा त्यानेच डोळ्यांनी ठरवलेला आहे. रेषीय केलं असतं तर प्रत्येक सावली फिकी होऊन पुन्हा नवे भरपाईचे आकडे जन्माला आले असते.

प्रोग्रामबरोबर आता चार छोट्या चाचण्या चालतात, खऱ्या फोटोवर नाही, हाताने लिहिलेल्या पिक्सेलांवर. २४० रंग आणि १२८ अल्फा पांढऱ्यावर टाकला की २४७ यावं. वर काहीही ठेवलं तरी अल्फा कमी होऊ नये. काळ्या पारदर्शक शेजाऱ्यासह लहान केल्यावर रंग २४० च राहावा. आणि सगळ्यांत महत्त्वाची चौथी: आधी पाटी जोडून मग पार्श्वभूमीवर टाका, किंवा सावली आणि टॉवेल एकेक करून थेट पार्श्वभूमीवर टाका, दोन्ही उत्तरांत एका आकड्याहून जास्त फरक पडू नये. 'ओव्हर' क्रियेत कंस कुठेही घातला तरी उत्तर तेच येतं. मधल्या टप्प्याची पाटी घालण्याचा सगळा आधारच हा गुणधर्म आहे, आणि ही चाचणी पहिल्याच दिवशी असती तर राखाडी रेघ छापखान्यापर्यंत पोहोचलीच नसती.

राहिला प्रश्न आधी जपून ठेवलेल्या बिघडलेल्या पाट्यांचा. मूळ पीएनजी असलेल्या सगळ्या नव्याने काढल्या. काही जुन्या चादरींचे मूळ फोटो मिळेनात, तिथे उलटं गणित केलं: अल्फाला २५५ ने गुणून वर्गमूळ, आणि त्या अल्फाने रंगाला भागणं. सावली नसलेल्या पाट्यांवर हे बरंच जमतं. पण ११ किंवा त्याहून कमी अल्फा वर्ग होताना शून्य झालेला असतो, आणि १२ पासून १९ पर्यंतचे सगळे एकच होऊन बसतात. ते परत वेगळे करता येत नाहीत. त्या चादरींच्या दशांची टोकं किंचित आखूड दिसतात. नवे फोटो होईपर्यंत त्या फक्त पांढऱ्या पानांवर ठेवाव्यात, आहेराच्या मरून पानांवर नकोत, असं अण्णांना सुचवलं. त्यांनी यादी मागवली आणि त्याच आठवड्यात त्या चादरी गोदामातून फोटोसाठी काढायला लावल्या.